बहिणीला सायकलवर आणलं तो दिवस

लढाईच्या दिवसांत रबर मिळेनासं झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

वाशीमला लागूनच आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कांदे. विहिरीला पाणी बरं होतं, म्हणून उन्हाळ्यातही काही ना काही निघायचं. भाजी डोक्यावर नेऊन बाजारात बसायचं काम आईचं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं. तिला आम्ही बाई म्हणायचो. बाई लग्न होऊन आसेगावच्या पुढच्या एका खेड्यात नांदायला गेली आणि सगळी टोपली एकट्या आईच्या माथ्यावर आली. त्याच सुमारास कचेरीतल्या एका कारकुनाची बदली झाली. आमची भाजी खाणारा माणूस. जाताना तो आपली जुनी सायकल मला देऊन गेला. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "बैल बसला तं शेपटी पिरगाळता येते. हे बसलं तं काय पिरगाळशीन?"

ती सारखी बसायची. स्टेशनाकडे एक दुरुस्तीवाला होता, पण त्याच्याजवळ ना ट्यूब होती ना टायर. "लढाई संपू द्या," एवढंच तो सांगायचा. त्या वर्षांत खिळासुद्धा मिळायची मारामार. कंदिलाची काच तडकली की आम्ही तिला कागद चिकटवत होतो आणि कवाडाची बिजागरी तुटली तेव्हा जुन्या वहाणेचं चामडं ठोकलं होतं. तेव्हा सायकलही आपणच खोलायची, असं मी ठरवलं.

खोलणं सोपं असतं. पहिल्यांदा मागचं चाक सोडलं तेव्हा आतले छर्रे मेथीच्या वाफ्यात सांडले. चाळणी आणून आईनं आणि मी वाफ्याची माती चाळली, तरी एक छर्रा सापडला नाही तो नाहीच. चाक पुन्हा बसवलं, पण ते फिरताना खडा चावल्यासारखा आवाज करू लागलं. टायर काढायला माझ्याजवळ खुरप्याचा दांडा होता. त्या दांड्याखाली ट्यूब चिमटली जायची आणि एक भोक बुजवताना दुसरं पडायचं. कित्येकदा मी ती सायकल बांधावर आडवी टाकून देऊन टोपली डोक्यावर घेतली आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यापाशी बसत होतो. दुसरा इलाजही नव्हता.

बाईला दोन लेकरं झाली आणि दोन्ही बोलायला लागायच्या आधीच गेली. त्यानंतर ती माहेरी फारशी आली नाही. मग एका बाजाराच्या दिवशी तिच्या गावचा एक माणूस आईच्या दुकानापुढे उकिडवा बसला आणि वांगी चाचपत हळूच म्हणाला, "तुमच्या पोरीनं निरोप देला. भावाले धाड म्हनते. घरात दुसऱ्या लग्नाची बोलनी चालू हायेत."

रात्रीच्या जेवणाला आईनं ते बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ भाकरी मोडत राहिले.

"सवत आली म्हनून कोनी घर सोडत नाही," ते म्हणाले. "तिनं तिथंच राहावं."

"पन तिनं बलावलं हाये," मी म्हणालो. "बैलबंडी द्या, मी जाऊन येतो."

"बंडी जुपाची नाही."

बाबा दुष्ट नव्हते. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांचं पुढं काय होतं, ते त्यांनी गावात पाहिलं होतं. आपल्या पोरीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण बंडी मिळाली नाही, ती नाहीच. मी म्हणालो, "मंग मी सायकल नेतो." सकाळी निघताना आईनं फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. मी पंप, पाना, खुरप्याचा दांडा, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या ठिगळ्या आणि सोलुशनची चेपून चपटी झालेली नळी पिशवीत टाकली.

बाई ओसरीत बसलेली होती. पायाशी गाठोडं. मला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. तिचा नवरा वावरात गेला होता. सासू दारात आली.

"बंडी कुठी हाये?"

"सायकल आनली."

"बाईमानूस सायकलीवर?" सासूनं तोंडाला पदर लावला. मग आत जाऊन तिनं कुंकवाचा करंडा आणला, बाईच्या कपाळी बोट टेकवलं आणि म्हणाली, "चार दिस राहून ये माय." बाईनं वाकून तिच्या पायांना हात लावला. ती परत यायची नाही, हे मला वाटतं दोघींनाही कळलेलं होतं.

गावच्या माणसांच्या नजरेआड होईपर्यंत आम्ही पायी चाललो. नाल्यापाशी बाई थांबली. पलीकडच्या काठावर बोरीची झुडपं होती. "तिथं माही दोघं हायेत," ती म्हणाली. मी सायकल धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "चाल." मग मागच्या कॅरिअरवर एका अंगाला पाय सोडून बसली आणि माझ्या सदऱ्याचा शेव घट्ट धरला.

चैत्र लागला होता. पळस फुलून गळायला लागले होते. कुंपणं नव्यानं घालायचे ते दिवस. बंड्यांतून बाभळीच्या फांद्या वाहून नेलेल्या, आणि रस्ताभर काटे. आसेगाव मागं पडलं आणि मागचं चाक बसलं.

मी सायकल उलटी केली, टायर काढला, ट्यूब फुगवून गालाशी धरली. भोक सापडलं. ते घासलं, सोलुशन लावलं, ठिगळ चिकटवलं, हवा भरली. निघालो. दोन वावरं ओलांडली नसतील, पुन्हा तेच चाक. पुन्हा काढलं, पुन्हा चिकटवलं. मला वाटलं ठिगळ नीट बसलं नसेल, म्हणून या वेळी दगडानं दाबून ठेवलं, वर जास्तीचं सोलुशन फासलं. बाई रस्त्याच्या कडेला बसून पाहत होती. तिसऱ्यांदा चाक बसलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नळी पिळून पाहिली तर तिच्यातून काहीच निघेना. मी पंप उचलून वावराच्या बांधावर, धुऱ्यावर फेकला.

"बाई," मी म्हणालो, "इथून तुह्यं सासर जवळ हाये, वाशीम दूर. आज माघारी जाऊ. मी चार दिसानं बाबाले समजावतो न बंडी घेऊन येतो."

ती उठली. धुऱ्यावरून पंप घेऊन आली, पदरानं त्याची माती पुसली आणि माझ्यापुढं ठेवला.

"मी पायी येतो. तू सायकल हातात घे. पन माघारी मी जात नाही."

मग ती त्या उघड्या चाकापाशी बसली. मी काय करत होतो ते तिनं सगळं पाहिलेलं होतं.

"तिन्ही भोकं एकाच जागी काहून पडली रे?" तिनं विचारलं.

मला ते दिसलंच नव्हतं.

"तू भोक बुजवून राह्यला. भोक पाडून कोन राह्यलं, ते पाह्यलं काय?"

तिनं टायरच्या आतून बोट फिरवायला सुरुवात केली. हळू, तांदूळ निवडावेत तशी. सासरी तिला करडई कापायला लावत. त्या काट्यांची सवय झालेली बोटं. अर्धा फेरा झाला आणि ती "हं" म्हणून थांबली. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला होता. बाभळीचा काटा बाहेरून मोडला होता आणि टोक आत रुतून राहिलं होतं. तिनं ते नखांनी ओढलं, निघेना, तेव्हा वाकून दातांनी ओढून काढलं.

काटा निघाला, पण भोक चिकटवायला काही उरलं नव्हतं. पेंढा भरून चालवलेलं चाक मी एकदा स्टेशनाकडे पाहिलं होतं. ते तिला सांगितलं. आजूबाजूला पेंढा कुठला, नुसतं काळं वावर. बाईनं गाठोडं सोडलं. त्यात एक चोळी आणि एक लुगडं होतं. ते लुगडं तिनं उभं फाडलं. मी "बाई, बाई" म्हणेपर्यंत दुसरी पट्टी फाडून झाली होती.

आम्ही पट्ट्यांना पीळ देत होतो, ती एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि पीळ दिलेली पट्टी दांड्यानं टायरमध्ये ठासत होतो. तेव्हा ती बोलली. माझ्याकडे न पाहता.

"सवतीचं मले काही नव्हतं. लेकरू पायजे घराले, ते मलेही समजते. पन परवा मले डाळ निवडाले बसवलं. मोठं सूप भरून. मी म्हटलं, सन नाही, वार नाही, एवढं पुरन कायले? कोनी बोलेना. डाळ निवडून झाली तवा शेजारची सांगून गेली, साखरपुड्याची हाये म्हनून." तिनं पट्टीला आणखी एक पीळ दिला. "मले सांगतलं असतं, तरी मी निवडून देली असती. सांगतलं नाही."

मी दांडा धरून बसलो. तीच म्हणाली, "ठास ना. सैल राह्यलं तं पुन्हा काढा लागन."

भाकरी आम्ही तिथंच, एका पळसाच्या विरळ सावलीत खाल्ली. चाक धडधड करत होतं, पण चालत होतं. चढ आला की उतरायचं, सपाटीला बसायचं. दिवेलागणीला मळ्यात शिरलो तेव्हा बाबा मोटेचे बैल सोडत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि बैल घेऊन गोठ्यात गेले. आईनं तांब्याभर पाणी आणून बाईच्या पायांवर ओतलं. त्या रात्री बाबा बाईशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही.

सकाळी उठलो तेव्हा सायकल उलटी केलेली दिसली. बाबा तिच्यापाशी बसले होते. ती घंटी सोडली तर सायकलला त्यांनी त्याआधी कधी हात लावला नव्हता. टायरची कड निघाली होती आणि ते आतलं कापड हातभर ओढून पाहत होते. मातीनं आणि घासून काळं झालेलं, पण हिरवा काठ ओळखू येत होता.

"हे कोनाचं?"

"बाईचं."

"दुसरं हाये का तिच्यापाशी?"

"अंगावरचं हाये."

ते उठले, मुंडासं बांधलं आणि गावात गेले. दुपारी परत आले ते काखेत नवं लुगडं घेऊन. लढाईत कापडाचे काय हाल होते ते त्या वेळच्या माणसांना सांगायला नको. कुठून मिळवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाई चुलीपाशी होती. त्यांनी लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "भाजी खुडाले जानार असशीन तं पाट सांभाळून जाजो. चिखल हाये." बाईनं लुगडं उचलून छातीशी धरलं आणि मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढं तिच्या सासरचे दोघं न्यायला आले. लोक काय म्हणतील, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाबांनी त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या घरी लगीन हाये म्हनता. कामं असतीन. उनं व्हायच्या आत निघा." तिला बोलावलं नाही, विचारलं नाही. ते गेले ते पुन्हा आले नाहीत.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि गोठा. गोठ्याला लागून बाईसाठी एक खोली काढायचं बाबांनी ठरवलं. गवंड्याला न बोलावता आम्ही दोघांनीच माती तुडवली. मृग जवळ आला होता, म्हणून घाईनं थरावर थर चढवत गेलो, आणि कमरेइतकी झालेली भिंत एका सकाळी ओल्या पिठाच्या गोळ्यासारखी बसलेली दिसली. बाबा कितीतरी वेळ त्या ढिगाऱ्याकडे पाहत उभे होते. मला वाटलं आता राग काढतील. त्यांनी धोतर खोचलं आणि तीच माती पुन्हा भिजवायला घेतली. या वेळी एक थर घालायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मगच दुसरा. मधल्या दिवसांत करायला काही नसलं तरी ते जाऊन भिंतीला हात लावून पाहत. पाऊस आला तेव्हा वर कापसाच्या पऱ्हाट्यांचा तट्टा टाकून झाकली. खोली उभी व्हायला श्रावण उजाडला.

बाहेरच्या अंगाला ती भिंत थोडी कललेलीच राहिली. बाईनं ती आतून बाहेरून सारवली, खुंट्या ठोकल्या, कोपऱ्यात चूल मांडली. बाजारात आईच्या शेजारी तिची पाटी लागू लागली. पहिले काही महिने बायका भाव विचारता विचारता विचारायच्या, "आता कधी जानं हाये घरी?" ती तराजू उचलून म्हणायची, "घरूनच आली ना मी. वांगे किती देऊ?"