ज्वारीच्या रानात शोधलेली सीडी : वेल्हे, भोर, आंबवडे

जायचं ठरलं ते गुरुवारी संध्याकाळी, फोनवर बोलता बोलता. एरवी आमच्या वेल्ह्याला पुण्याची माणसं येतात ती तोरण्यावर चढायला. मी निघाले होते उलट दिशेला, माहेरच्या शेतात एक सीडी शोधायला.

झालं असं. माझी लेक वैशाली मस्कतला असते. तिला मुलगी झाली आणि रविवारी तिथेच बारसं ठरलं. जावईबापूंची आई तिकडेच होती, आत्याही पोचली होती. मी जाऊ शकत नव्हते. वैशाली म्हणाली, "आई, पाळणा तू म्हणायचा. कॉम्प्युटरवरून. मी तुला पाळण्यासमोर ठेवणार आहे." मी लगेच हो म्हटलं नाही. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको. हे गेल्यापासून बारशाला मला आमंत्रण येतं, पण मी मागे भिंतीला टेकून बसते. पाळण्याची दोरी कुणी माझ्या हातात देत नाही आणि मीही मागत नाही. कुणी वाईट वागतं असं नाही, तसं चालत आलंय एवढंच. पण लेक म्हणाली आणि मी हो म्हटलं. आळीतल्या बायकांनाही सांगून बसले की रविवारी या, घुगऱ्या करते.

आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बिघडला. व्हायरस शिरला होता. नसरापूरचा दुरुस्तीवाला येऊन सगळं पुसून, नव्याने भरून गेला. तो गेल्यावर बघते तर इंटरनेट नाही. माझ्याकडे इंटरनेट शेजारच्या गुरुजींच्या घरातून येतं, भिंतीतून, बिनतारी. ते पकडायला ह्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यात एक कार्ड बसवून घेतलं होतं. कार्ड जागेवर होतं, पण ते चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो पुसला गेला होता. पडद्यावर एक पिवळं प्रश्नचिन्ह तेवढं दिसत होतं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो कुणाच्या लग्नाला कोकणात पोचलेला.

"काकू, सोपंय. नेटवरनं ड्रायव्हर उतरवून घ्या."

"अरे बाबा, नेट नाही म्हणून तर तुला फोन केला."

"हां... खरंय की. मग कार्डाबरोबर सीडी आली असंल बघा. न्हाईतर मी सोमवारी येतोच."

सोमवारी येऊन काय करायचं? गुरुजी आणि त्यांची मंडळी पुण्याला मुलाकडे गेली होती. घराला कुलूप, पण जाताना इंटरनेटची पेटी माझ्यासाठी चालू ठेवून गेले होते. म्हणजे भिंतीपलीकडे सगळं होतं, आणि मला ते घेता येत नव्हतं.

सीडी कुठे गेली ते मला चांगलं आठवत होतं. दसऱ्याच्या आवराआवरीत घरातल्या जुन्या सीड्यांचा गठ्ठा मी भावाला देऊन टाकला होता. आमच्याकडे शेतकरी त्या पिकात टांगतात. ऊन पडलं की चकाकतात, पाखरं बिचकतात. बाळू, माझा धाकटा भाऊ, आंबवड्याला असतो. त्याला फोन लावला.

"हायेत की आक्का. ज्वारीत टांगल्यात. पर तुजी कंची, ती वळखायची कशी? म्या विंग्रजी वाचणार व्हय?"

मागून माझी भावजय सुमन ओरडली, "वन्सं, सगळ्या सारख्याच चकाकत्यात! तुमीच या. हुरडा बी आलाय."

शुक्रवारी सकाळच्या एसटीने निघाले. जानेवारीतली वेल्ह्याची थंडी, तोरण्याच्या माथ्यावर अजून धुकं. विंझर, मार्गासनी करत गाडी खाली उतरते तसा डोंगर मागे सरत जातो आणि भाताची कापलेली खाचरं रुंद होत जातात. उजव्या बाजूची खिडकी मिळाली तर सकाळचं ऊन अंगावर येतं, थंडीत तीच जागा धरावी. रस्ता तेव्हा बरा होता, मार्गासनीच्या पुढे मात्र पाठ सांभाळावी लागायची. नसरापूरला उतरून वेळ असेल तर बनेश्वराला जाऊन यावं, गर्द झाडी आहे. मला वेळ नव्हता. चेलाडी फाट्यावर हायवेला आले आणि वडापच्या जीपमध्ये बसले. पुढे तिघं, मध्ये पाच, मागे किती ते ड्रायव्हरलाही माहीत नसावं.

"आजी, जरा सरका की," तो म्हणाला.

"सरकले तर मी शेजारच्या जीपमध्ये जाईन," मी म्हटलं. गाडीभर हसू पसरलं आणि त्याने आणखी एक बाई बसवलीच.

कापूरहोळला वळण घेऊन भोर. स्टँडसमोर वडापाव चांगला मिळतो, चटणी झणझणीत. दोन वडे आणि चहात माझं जेवण झालं. भोरमध्ये पाहुण्याने राजवाडा बघावा, नीरेच्या घाटावर थोडं बसावं. भाटघरचं धरणही जवळ आहे. दुपारची आंबवड्याची गाडी मिळाली आणि ऊन कलायच्या आधी मी माहेरी पोचले.

आंबवडं बघण्यासारखं आहे हे मला उशिरा कळलं. लहानपणी ते नुसतं घर होतं. ओढ्यावर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे, खाली दाट झाडीत महादेवाचं देऊळ. पायऱ्या उतरताना अंगाला गारवा लागतो. पाय दुखत असले तरी उतरा, वर येताना सावकाश या.

बाळूचं रान गावाच्या वरच्या अंगाला. बांधावर उभी राहिले तर ज्वारीच्या कणसांवर सगळीकडे लखलख चाललेली. काठ्यांना सुतळीने बांधलेल्या सीड्या वाऱ्यावर गरगरत होत्या. आणि एकीवरही अक्षर दिसेना. दोन्ही बाजूंनी नुसती चकाकी.

"बाळू, ह्यांच्यावरची छापलेली नावं कुठं गेली?"

तो खूश झाला. "आगं, एका अंगानं चकाकून काय उपेग? वाऱ्यानं फिरली की पाखरू येतंय माघारी. म्हून म्या दोन-दोनची जोडी केली. नावं आत, चकाकी भायेर. गावात कुणाला सुचलं न्हवतं. आता समदी करत्यात."

म्हणजे प्रत्येक जोडी सोडायची. आम्ही तिघं रानात शिरलो. सुमन सुतळी कापायची, मी बघायची, बाळू परत बांधायचा. इंग्रजी अक्षरं मी चाळिशीनंतर शिकले, औषधांच्या बाटल्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. त्यामुळे वाचायला मला वेळ लागतो. बाळू मध्येच म्हणायचा, "आक्का, सीडी वाचतीयास का पोथी?"

चौथी की पाचवी जोडी उघडली तर आत ह्यांचं अक्षर. काळ्या मार्करने, ठसठशीत: 'बाद'. पुढच्या जोडीत 'बाद', त्याच्या पुढे 'बाद, परत करून बघणे'. सीडी भरताना बिघडली की हे तिच्यावर असं लिहून ठेवायचे, टाकून मात्र द्यायचे नाहीत. आत ऊन लागलं नव्हतं, पाऊस लागला नव्हता. अक्षर काल लिहिल्यासारखं काळंभोर. मी ती हातात धरून उभी राहिले.

"वन्सं, हीच का?" सुमनने विचारलं.

"नव्हे. ही बाद आहे," मी म्हटलं, आणि मला हसू आलं. डोळेही भरले, पण हसू आधी आलं. बाळूने ती माझ्या हातातून हळूच घेतली. "नेतीयास का घरी?" म्हणाला. मी म्हटलं, "नको. बांध परत. हितं तरी उपयोगाला आली."

हवी ती सीडी बांधाजवळच्या काठीवर निघाली. आतल्या बाजूला कार्डाचं चित्र, कंपनीचं नाव आणि नंबर, सगळं स्वच्छ. बाहेरची चकाकती बाजू मात्र उन्हापावसाने आणि धुळीने पार खरवडून निघालेली. मी ती पदराने पुसली. ओरखडे काही गेले नाहीत.

संध्याकाळी आगटीवर हुरडा भाजला. लसणाची चटणी, गूळ, दही. सुमनने विचारलं, "खरंच तुमी म्हननार पाळना? हितं आसता तर ह्या बायांनी म्हनू दिला आसता?"

"आजवर कुठं म्हणू दिलाय?" मी म्हटलं.

तिने चोळलेला हुरडा माझ्या पुढ्यात टाकला. म्हणाली, "मग चांगला आवाज काढून म्हना."

शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने भोर. स्टँडच्या मागच्या गल्लीत रेहानाचं झेरॉक्स आणि नेटचं दुकान होतं. तिशीतली बाई, डोक्यावर ओढणी, हाताला सतत काम. तिने सीडी घातली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. तिने बाहेर काढून उजेडात धरली.

"काकू, हिला काय केलंत? भांडी घासली का हिच्यावर?"

"ज्वारी राखत होती."

ती खळखळून हसली. मग सीडी उलटी केली. "हिचं पोट गेलंय. पण तोंड शाबूत आहे. नंबर मिळाला म्हणजे मिळालं. आणि नंबराच्या पुढचं हे 'व्ही टू' दिसतंय ना? ते नसतं तर फसला असता. एकाच नावाची दोन कार्डं असतात, आतला ड्रायव्हर वेगळा."

म्हणजे बाळूने पाखरांसाठी जोडी बांधली, त्यात सीडी वाया गेली आणि नंबर वाचला.

रेहानाने कंपनीची साइट काढून फाइल उतरवायला लावली. निळी पट्टी मुंगीसारखी पुढे सरकत होती. अर्ध्याच्या पुढे गेली आणि लाइट गेली. भोरला तेव्हा भारनियमन रोजचंच, पण शनिवारचं वेळापत्रक बदललंय हे तिलाही माहीत नव्हतं.

"कधी येईल?"

"आली तर दोनला. नाही आली तर त्यांची मर्जी."

माझी वेल्ह्याची गाडी चुकली असती तर मुक्काम पडला असता, आणि रविवारी सकाळी बायका माझ्या बंद दाराशी येऊन परत गेल्या असत्या. मी बाकावर बसून राहिले. रेहानाने डबा उघडला, अर्धी भाकरी आणि मेथी माझ्यापुढे सरकवली. मी कशासाठी एवढी धडपडतेय ते तिने विचारलं, मी सांगितलं.

"मग उद्या इथूनच म्हणा की. दुकान उघडते तुमच्यासाठी."

"नको गं. आळीतल्या बायका घरी यायच्यात. त्यांच्यासमोरच म्हणायचाय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "असं आहे होय," एवढंच म्हणाली.

लाइट दोनच्या आधीच आली. पट्टी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पोचली. रेहानाने फाइल माझ्या पेनड्राइव्हवर टाकली, मी तो चष्म्याच्या डबीत ठेवला. वर तिने एक कोरी सीडीही भरून दिली. "ही मात्र टांगू नका." पैसे घ्यायला तयार नव्हती, मी झेरॉक्सच्या गल्ल्याजवळ ठेवून आले.

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. रेहानाने सांगितलं तसं फाइल उघडली, 'नेक्स्ट' म्हणेल तिथे 'नेक्स्ट' केलं. शेवटी बंद करून परत चालू करायला सांगितलं. केलं. कोपऱ्यात छोट्या पट्ट्या उगवल्या आणि पिवळं प्रश्नचिन्ह गेलं. गुरुजींच्या पेटीचं नाव दिसलं, पण आता ती पासवर्ड मागत होती. गुरुजींना फोन केला. ते एकदम हळू आवाजात बोलायला लागले.

"ताई, लिहून घ्या, पण मोठ्याने म्हणू नका."

"गुरुजी, घरात मी एकटीच आहे."

"तुमच्याकडे हो. माझ्याकडे ही शेजारीच बसलीय."

पासवर्ड मी लिहून घेतला. ते गुरुजींच्या पहिल्या गाईचं नाव होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काय ते मला अजून कळलेलं नाही.

ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांना माझं सांगणं: दुरुस्तीवाल्याला पुसू देण्याआधी आतल्या कार्डाचा नंबर लिहून ठेवा आणि त्याचा ड्रायव्हर वेगळ्या जागी उतरवून ठेवा. आणि भोरला कामासाठी जाणार असाल तर भारनियमनाची वेळ आधी विचारा.

रविवारी बायका आल्या. घुगऱ्या झाल्या होत्या. पडद्यावर मस्कतची खोली, फुगे, मधोमध पाळणा. आत्याने कानात नाव सांगितलं, 'ओवी'. विहीणबाई कॅमेऱ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चला विहीणबाई, पोरगी वाट बघतेय." माझ्या मागे आळीतल्या बायका बसलेल्या. मी कुणाकडे बघितलं नाही. माझ्या आईने म्हटलेला पाळणा मला पाठ होता, तो सुरू केला. दुसऱ्या कडव्यात पडद्यावरचं चित्र थिजलं. पाळणा अर्धवट वर गेलेला, तसाच राहिला. मला कळेना पोचतंय की नाही. थांबावं की काय? तेवढ्यात मागून कुणीतरी धृपद उचललं, मग आणखी कुणी. मी शेवटपर्यंत म्हटला.

थोड्या वेळाने चित्र हललं. वैशाली डोळे पुसत होती. "चित्र गेलं होतं गं. आवाज सगळा आला. सगळ्यांचा."

घरी आल्यावर काय उरलं असं प्रवासाबद्दल विचारतात. झुलता पूल लक्षात आहे, हुरडा आहे, ते काळंभोर 'बाद' आहे. पण बायका निघाल्या तेव्हाचं एक सांगते. समोरच्या शांताबाई, वयाने आळीत सगळ्यांत मोठ्या, उंबऱ्यापाशी रेंगाळल्या. चपलेत पाय घातला, काढला.

"पुढल्या म्हैन्यात आमच्या नातवाचं बारसं हाय," त्या म्हणाल्या. "तवा म्हनशीला का?"

"कॉम्प्युटर आणू?" मी विचारलं.

"त्यो कशाला? दोरी हाताशी आसंल की."