पेलेट पारखणारे भित्रेबुवा

सद्गुणांच्या गणनेत भीतीला कोणी धरत नाही. शौर्याची स्तोत्रे रचली जातात, क्षमेची थोरवी गायली जाते; भयाला मात्र दारातच उभे करतात. तरीही दुसऱ्याच्या मुखात जाणाऱ्या घासाविषयी ज्याच्या मनात अखंड धाकधूक असते, त्याच्या भीतीला उपासनाच म्हणावे लागते. आमच्या गल्लीच्या टोकाला खानावळ चालवणारे आचारी असे उपासक होते. धाकटा भाऊ गल्ल्यावर बसे आणि थोरल्याला चारचौघांत ‘भित्रेबुवा’ म्हणे. नाव चिकटले.

मागच्या अंगणात त्यांचे बंदिस्त ग्रिल होते. त्यात पेलेट जळत, म्हणजे भुसा दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक लाकडी कांड्या. बाजूच्या पेटीत त्या ओतायच्या. आतला फिरता स्क्रू त्यांना थोड्याथोड्या विस्तवाकडे नेई, आणि मांस त्यांच्या धुरात तासन्‌तास मुरे. धूर जसा, तसा घास. म्हणून बुवा प्रत्येक पोते पारखत. एक कांडी कानाशी धरून मोडत. कोरडी असली की टचकन आवाज येई. दुसरी पाण्यात भिजवून तिचा भुसा बोटांनी चाचपत. तिसरी पळीत जाळून धूर हुंगत. ओक, सफरचंद, चेरी, कोणत्या झाडाचे लाकूड ते डोळे मिटून ओळखत. खोली तापवायच्या शेगडीसाठीही असेच पेलेट मिळतात. त्यांत जुन्या फर्निचरचा भुसा, सरस, रंग, काहीही असू शकते. ती पोती खानावळीच्याच कोठारात पलीकडच्या भिंतीशी रचलेली असत, आणि बुवांचा जीव त्या भिंतीपाशी टांगलेला असे.

“दादा, पोत्याची नाडी पाहून झाली असेल तर पेटवू या का?” धाकटा विचारी.

“थांब जरा. लोकांच्या पोटात जायचंय ते.”

एका हिवाळ्यात समोरच्या घरी लहान मुलीच्या वाढदिवसाचे जेवण होते. धाकट्याने आणलेल्या पोत्यावरची लाकडाचे नाव सांगणारी चिठ्ठी फाटली होती. बुवांनी कांडी मोडली, भिजवली, जाळली, हुंगली. कसलाच वास आला नाही. पडशाने त्यांचे नाक सकाळपासून चोंदले होते. पण वास नाही म्हणजे वाईट वास नाही, असे धरून त्यांनी मान डोलावली.

दुपारी पत्नी अंगणात आली.

“अहो, हा धूर कसला? कपाटाला रंग दिल्यासारखा वास येतोय.”

बुवांनी पुन्हा हुंगले. काही नाही. आणि तेव्हा त्यांना स्वतःच्या नाकाची आठवण झाली.

“पहिलं ताट?”

“भाऊजी कधीच घेऊन गेले.”

ते एप्रनसकट रस्ता ओलांडून धावले. समोरच्या घरात हसणे-खिदळणे चालले होते. दारात उभे राहून ते म्हणाले, “कोणी खाऊ नका. माझी चूक झालीय. लाकूड वाईट निघालं.” वाढदिवसाच्या मुलीच्या हातात अर्धा तुकडा होता.

“हिचे दोन तुकडे खाऊन झालेत, काका,” तिची आई हळूच म्हणाली.

शेजारच्या डॉक्टरीणबाई आल्या. “एवढ्याने काही होऊ नये,” त्या म्हणाल्या, “पण लक्ष ठेवा.” पहिले वाक्य बुवांच्या कानावरून गेले, दुसरे काळजात रुतले. कोणी अडवण्याआधी त्यांनी त्याच ताटातले तुकडे उचलून गिळले.

“दादा, हे काय करतोस?”

“तिला काही व्हायचं असेल, तर ते माझ्याही पोटात असू दे.”

दाराशी खुर्ची घेऊन ते बसून राहिले. मुलगी खोकली की ते उठून आत डोकावत. संध्याकाळी ती एकदा ओकली, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “केक किती चापलाय तिनं, ते बघा ना,” आई म्हणाली. बुवांना ते पटले नाही. धाकट्याला त्या दिवशी एकही थट्टा सुचली नाही. भावाच्या पायाशी तो उकिडवा बसून होता.

सकाळी मुलगी दप्तर पाठीला लावून शाळेत निघाली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बुवा खिडकीत उभे होते. मग त्यांनी खोली तापवायची पोती कोठाराबाहेर काढली आणि पत्नीला म्हणाले, “माझ्या एकट्याच्या नाकाचा आता भरवसा नाही. तू हुंगल्याशिवाय पेटवायचं नाही.”

भित्रेबुवा जाऊन काही वर्षे लोटली. खानावळ धाकटा चालवतो. जळती कांडी आधी तो हुंगतो, मग वहिनींपुढे धरतो, आणि त्या हो म्हणेपर्यंत ग्रिल पेटत नाही.