पोटदुखीला कंटाळून

शहरात आत्महत्या कुठे आणि का होतात, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर मॅडम आमच्या पोलीस ठाण्यात आल्या होत्या. जुनी प्रकरणं वाचून त्यांनी मला विचारलं, "इथलं पाणी खराब आहे का हो? इतक्या सुनांना पोटदुखी?"

मी हसलो, आणि लगेच कानशिलं तापली. 'पोटदुखीला कंटाळून' हे शब्द बहुतेक ठिकाणी माझेच होते. जबाब मीच लिहून घ्यायचो. सासरचे हात जोडून उभे असत, त्यांना प्रेत गावाकडे न्यायची घाई असे. पोटदुखी लिहिली की पुढे कोणी काही विचारत नसे. सगळेच तसं लिहीत.

मॅडमना मृतांच्या माहेरच्यांशी बोलायचं होतं. त्यातलं एक घर जालना जिल्ह्यात राजूरजवळ होतं. मी जालन्याकडचा म्हणून मलाच सोबत पाठवलं.

त्या मुलीची आई अंगणात तूर पाखडत होती. "मॅडम, तुम्ही बाजेवर बसा. पोलीसदादा, तुम्ही पोत्यावर. तुम्हाला काय, कुठंबी बसायची सवय."

धाकटी लेक उंबऱ्यात लसूण सोलत होती. मॅडमनी तब्येत विचारताच ती म्हणाली, "माझी? जरा पोट धरलं की आई मला भोकरदनला नेऊन राह्यली. सोनोग्राफीवाला म्हणतो, बाई, आता पासच काढा!"

"हास तू," आई म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "मोठीचं दुखणं मला कळलंच न्हाई. दिवाळीला आल्ती, चांगली जेवली. मी आई, पण पोटाला हात लावून पाह्यलं न्हाई. जल्दी दवाखान्यात नेलं असतं, तर वाचली असती ना?"

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. न झालेल्या आजारासाठी ही बाई इतकी वर्षं स्वतःला दोष देत होती. तो आजार मी लिहिला होता.

"मावशी," मी म्हणालो, "तिचं पोट दुखत नव्हतं. दिराने सांगितलं आणि मी लिहिलं."

तिने सूप खाली ठेवलं. आता ही मला शिव्या देईल, असं वाटलं. खरं तर तिने त्या द्याव्यात, अशीच माझी इच्छा होती.

"मंग काय झाल्तं तिला?"

ती गेली त्या दिवशी सासरची शेजारीण दाराशी येऊन काही सांगू पाहत होती. पंचनामा चालू आहे, बाजूला व्हा, असं मीच तिला म्हणालो होतो.

"मी विचारलं नाही, मावशी."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. धाकटी लसूण तसाच टाकून आईजवळ येऊन बसली. आई माझ्याकडेच पाहत राहिली, मी अजून काही सांगेन म्हणून.