देवगाव रंगारीचा माठ आणि माझे चार हंडे

अश्विनीनं माझ्या तीन मेसेजना उत्तर दिलं नाही, म्हणून चौथ्या दिवशी मी थेट देवगाव रंगारीला निघालो. ती तिथं अंगणवाडीत काम करते. मी सरांशी भांडून सेकंड इयरलाच कॉलेज सोडलंय, त्यामुळं वेळ भरपूर.

जाणाऱ्यांसाठी: संभाजीनगरहून लासूर स्टेशनपर्यंत रेल्वे, पुढं काळीपिवळी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. स्टेशनबाहेर वीस रुपयांत गरम भजी मिळतात. मी दोन प्लेट हाणल्या, पाणी प्यायचं राहिलं. तिथंच घात झाला.

अश्विनी सापडली लताबाईंच्या ओट्यावर, वजनकाटा टांगताना. लताबाईंची दोन वर्षांची परी सारख्या जुलाबांनी खंगलेली. या महिन्यात वजन वाढलं नाही, तर तिला कन्नडला दवाखान्यात ठेवावं लागणार होतं.

"दात येत होते ना ताई, म्हणून पोट बिघडायचं," लताबाई म्हणाल्या.

"दोन वर्षं दातच?" अश्विनी म्हणाली. "पोरगी आहे का मगर? घाण पाण्यानं होतं ते. खाल्लेलं अंगी लागत नाही, मग चालणं-बोलणं सगळंच मागं पडतं."

"महिना झाला, उकळूनच देते. हात न बुडवता ओगराळ्यानंच काढते."

इकडं माझा घसा कोरडा. मी ओट्यावरच्या माठाचं झाकण काढलं आणि तांब्या बुडवला, मनगटापर्यंत.

"भज्याचा हात!" अश्विनी किंचाळली.

"उकळून गार केलेलं व्हतं, दादा," लताबाई एवढंच बोलल्या. ते जास्त लागलं.

"आत्ता भरून देतो!" म्हणत मी हंडा उचलला. हापसा पार शाळेमागं. चार खेपा झाल्या, त्यातली एक निम्मी माझ्या पँटवर.

"लताकडचा पाव्हणा का रं?" हापशावरच्या म्हातारीनं विचारलं.

"नाय आजी, गुन्हेगार."

चुलीवर पाणी चढवलं, तेव्हा परीला काट्याच्या झोळीत बसवलं होतं. मागच्या महिन्यात गप पडून होती म्हणे. आता लाथा झाडत होती, काटा स्थिरच होईना. अश्विनीनं आकडा दोनदा वाचला.

"वाढलंय!"

लताबाईंनी पदरात तोंड लपवलं. मी उगाच चुलीकडं बघत राहिलो. धूर लई होता.

मी परतीच्या जीपमध्ये बसताना अश्विनी म्हणाली, "पुढच्या वजनाला ये. हंडे उचलायला माणूस लागतं." आता याला होकार म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

घरी आई माझ्या सुजलेल्या खांद्याला हळद लावत होती.

"पोरीसाठीच गेला होतास ना?"

"व्हय. वजन वाढलंय तिचं."

आईचा हात थांबला. "कितवा महिना?"