पासपोर्ट कपाटात होता
ब्लीचचा वास आला की लंडनच्या ईलिंगमधली ती दुपार आठवते. ओळखीच्या एका बाईंकडे जेवायला गेले होते. गावाकडून आणलेली त्यांची कामवाली सिंकपाशी उभी होती. ब्लीचने तिच्या बोटांची सालं निघाली होती. बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, तशी ती पुटपुटली, "ताई, बाईंनी माझा पासपोर्ट कपाटात कुलपात ठेवलाय. मला घरी जायचंय. कुणाला तरी सांगा ना." मी सांगितलं, पण बाईंनाच; मला वाटलं, काहीतरी गैरसमज असेल. बाई हसल्या. तिला हाक मारून म्हणाल्या, "ताईंची माफी माग." तिने माझे पाय धरले. मी "असू दे" म्हणाले आणि बासुंदी संपवली. पुढच्या खेपेला दार दुसऱ्याच मुलीने उघडलं. आधीच्या मुलीचं काय झालं, हे मी आजवर विचारलेलं नाही.