बॅकअपताई

ताई फोन उचलून कधी हॅलो म्हणत नसत. "बॅकअप घेतला काय?" हाच त्यांचा नमस्कार. अमरावतीच्या आमच्या छोट्या कंपनीत सगळे त्यांना बॅकअपताईच म्हणत.

आम्ही रक्ततपासणीच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. नवी तपासणी आली की डेटाबेसची मांडणी बदलावी लागते. त्याला मायग्रेशन म्हणतात. लांबून करताना नेट गेलं तर काम अर्ध्यावर तुटेल, म्हणून ताई एसटीने अकोला, बाळापूर, चांदूर बाजार करत त्या बदलाचे हुकूम तिथल्या कंप्युटरवर स्वतः टाइप करून यायच्या. परतल्या की खुर्चीत कोसळायच्या. "आंग मोडून गेलं, बावा."

साहेबांनी ठरवलं, प्रोग्रामने सुरू होतानाच मायग्रेशन करून घ्यावं. ताई म्हणाल्या, "दोन कंप्युटर एकदम सुरू झाले तं?" साहेब म्हणाले, नंतर पाहू.

अकोल्याच्या एका लॅबमध्ये तेच झालं. सकाळी दोन्ही कंप्युटर एकदम सुरू झाले, दोघांनी एकच बदल करायला घेतला आणि जुने रिपोर्ट उघडेनात. आम्ही पोचलो तेव्हा बाकांवर माणसं खोळंबली होती. एका बाईच्या नवऱ्याचं ऑपरेशन रिपोर्टसाठी अडलं होतं. लॅबवाला ओरडत होता. "भाऊ, वरडा, पण मले बसू द्या," ताई म्हणाल्या. त्यांनी आधी जुन्या बॅकअपमधून त्या बाईच्या नवऱ्याचा रिपोर्ट काढून दिला, मग बाकीचं उभं केलं. दुपार कलली तरी पाण्यालाही उठल्या नाहीत.

परतताना मी म्हटलं, "तुम्ही आधीच सांगितलं होतं, ताई."

"सांगून काय होते? आता लिवाच लागन."

त्यांनी ते प्रोग्राममध्येच लिहिलं. पहिल्या कंप्युटरने डेटाबेसला कुलूप लावायचं, बॅकअप घ्यायचा, मग बदल करायचा, दुसऱ्याने थांबायचं. काही चुकलंच, तर सगळं पहिल्यासारखं करून ठेवायचं. ते आजही बिनबोभाट चालतं. इतकं, की ताईंच्या फेऱ्या संपल्या आणि साहेबांनी सांगितलं, तुमच्यासाठी आता काम उरलं नाही.

मी चिडलो. ताई टेबल आवरत होत्या. "काहून तापून राहिला? थकलीच होती मी," म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

परवा बाळापूरच्या लॅबमध्ये प्रिंटर बसवायला गेलो. म्हाताऱ्या मालकांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं. "ताई नाई आल्या?"

मी म्हटलं, आता सगळं आपोआप होतं.

"ते बराबर हाय," ते म्हणाले, "पण काई अडल्याबिगर माणसानं येऊच नाई काय?"