फोनमागची शांतता

गेल्या मे महिन्यात 'निवांत' म्हणून निवडलेल्या हॉटेलातली लग्नाच्या डीजेची धडधड अजून माझ्या छातीत आहे. नुकतीच आजारातून उठलेली आई तिथे दोन दिवस उशीखाली कान दाबून पडून होती. यंदा तिला पुन्हा न्यायचे आहे. म्हणून हॉटेलांना फोन करताना मी शब्दांवर विसंबत नाही, बोलणाऱ्याच्या पाठीमागचे आवाज चाचपते. "एकदम शांत, मॅडम!" म्हणणाऱ्यामागे हमखास कुणीतरी माइक तपासत असते. शांतता खरी असेल, तर तिची ग्वाही एवढ्या मोठ्याने का द्यावी लागते?

दापोलीजवळच्या एका मालकीणबाईंना मी आडून विचारले, "लग्नासाठी लॉन आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही हो ताई. पुढच्या गावात बघा."

तरीही संशय फिटेना. "आईला झोप लागेल ना?"

पलीकडे दार करकरले आणि फोन बहुधा अंगणात धरून त्या हळूच म्हणाल्या, "ऐका."